याकानमारूच्या झाकणावरची गुंडी

तादाओ कुराहाशींनी प्रदर्शनात भाग घ्यायचं काही ठरवलं नव्हतं. त्यांनी फक्त शिक्का मारला होता.

आता शिक्का मारण्यात काय एवढं? सहा नंबरच्या इमारतीत दर पंधरा दिवसांनी एक फिरती पाटी येते. तिला रहिवासी संघाची पत्रकं अडकवलेली असतात. कचऱ्याचे वार बदलले, गवत काढायला अमुक रविवारी जमावे, तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी कबुतरांना दाणे टाकते ते बंद व्हावे, वगैरे. आपण वाचायचं, नावापुढच्या चौकोनात आडनावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराला टेकवून ठेवायची. यातलं वाचण्याचं काम आजवर कोणी केल्याचं ऐकिवात नाही. ऑक्टोबरातल्या पहिल्या पाटीवर मात्र एकाऐवजी दोन चौकोन होते. पहिला 'वाचले' आणि दुसरा 'भाग घेणार'. तादाओंनी नेम पहिल्यावर धरला होता. ऐन वेळी हात हलला आणि शिक्का दुसऱ्यात बसला, तोही अगदी मधोमध. ठरवून मारला असता तर इतका सुबक उमटला नसता.

संध्याकाळी संघाचे अध्यक्ष ओनिशी वही घेऊन दारात हजर. हे गृहस्थ नगरपालिकेतून निवृत्त झाले होते, म्हणजे त्यांनी नोकरी सोडली होती, नोकरीने त्यांना सोडलं नव्हतं.

"कुराहाशीसान, तीन नोव्हेंबरच्या कलाप्रदर्शनात आपण भाग घेताय. आनंद आहे. विभाग कोणता लिहू? सुलेखन, विणकाम, पुष्परचना की इतर?"

चूक झाली म्हणून सांगायला तादाओंनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतून त्यांची बायको चिझुए ओल्या हातांनीच बाहेर आली.

"कोण, हे? प्रदर्शनात?" असं म्हणून ती नवऱ्याकडे बघून हसली. स्वतःच्या निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत ती आपल्याकडे बघून इतकं मोकळं हसल्याचं तादाओंना आठवेना. शिवाय चूक झाली म्हणायचं, तर शिक्का चुकला कसा, हेही सांगावं लागलं असतं.

"धातूकाम," तादाओ म्हणाले.

खरी गोम त्या हलणाऱ्या हातात होती. उजवा हात फेब्रुवारीपासून थरथरत होता. काही करायला गेलं की जास्तच. हिगाशी-ओसाकाच्या एका कारखान्यात एकोणचाळीस वर्षं वॉशिंग मशीनच्या पाठीचा पत्रा ठोकणारा हात तो. यंत्रात अडकून दोन बोटांची नखं गेली तेव्हाही असा हलला नव्हता. तादाओंनी हे कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि चिझुएला तर नाहीच. त्याचं कारण होतं. तादाओंच्या आईने याच घरात अकरा वर्षं अंथरूण धरलं होतं, आणि ती अकरा वर्षं चिझुएने काढली होती. सासू गेल्यावर वर्षभराने तिने महिलांच्या गायनवृंदात नाव घातलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी एकला ती वही घेऊन निघायची आणि चारला परत यायची ती जिना चढतानाही गुणगुणत. हात दाखवला की पुढचं सगळं ओघानेच आलं. इस्पितळ, गोळ्या, धरून उठवणं, आणि आधी सुटणार ते गाणं. ते तादाओंना होऊ द्यायचं नव्हतं. माणूस कमी बोलणारा होता, पण एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

तर धातूकाम. दुसऱ्या दिवशी तादाओ निप्पोनबाशीला गेले. तिथे खेळण्यांच्या आणि मॉडेलांच्या दुकानांची रांगच आहे. पत्र्याची मॉडेलं मिळतात हे त्यांना माहीत होतं. पोस्टकार्डाएवढे दोन पातळ पत्रे असतात, त्यांतून तुकडे सुटे करायचे, वाकवायचे, एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालून मुरगळायची, झालं काम. विक्रेत्याने किल्ले दाखवले, युद्धनौका दाखवल्या, मग त्यांच्या हातांकडे बघून म्हणाला, "आजोबा, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना याकानमारू बरा पडतो."

याकानमारू कोण हे ओसाकात कोणाला सांगावं लागत नाही. पोटाच्या जागी किटली असलेला तो यंत्रमानव दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर यायचा आणि रागावला की त्याचं झाकण टणकन उडायचं. तादाओंना 'नव्याने सुरुवात' हे शब्द झोंबले. एकोणचाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला हे सांगणार. पण किटलीचं पोट मोठं दिसत होतं. मोठं पोट म्हणजे मोठे तुकडे, असा हिशेब करून त्यांनी खोका उचलला. घरी येऊन उघडला तेव्हा कळलं की ते पोट अठरा पाकळ्यांचं आहे आणि एकूण तुकडे चौसष्ट. सगळ्यात मोठा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा होता.

चिझुए गाण्याला गेली की, आणि रात्री ती झोपली की, तादाओ टेबलाशी बसत. पहिल्या दिवशी दोन तासांत तीन तुकडे सुटे झाले, त्यातला एक वाकडा. दोष चिमट्याचा होता, म्हणून नवा चिमटा आणला. मग दोष उजेडाचा निघाला, म्हणून दिवा आणला. मग टेबल डुगडुगतंय असं लक्षात आलं, म्हणून खोक्याच्या झाकणाचा पुठ्ठा घडी करून पायाखाली सारला. चष्मा बदलला, खुर्ची बदलली, खुर्चीवरची उशी बदलली. बदलायची राहिली ती एकच गोष्ट, आणि तिच्याबद्दल तादाओ स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते.

शेजारच्या मिकामीबाई मात्र बोलत. भिंत पातळ, आणि बाईंचे कान तयारीचे. खाली काही पडलं की दोन मिनिटांत दारात उभ्या, हातात गोळ्यांची पुडी. सल्ला देताना समोरच्याच्या हातावर एक गोळी ठेवायची ही त्यांची रीत होती. उसाच्या साखरेची, आल्याची, आलुबुखाराची. सल्ला फुकट गेला तरी गोळी पदरात पडायची.

"दातकोरणीच्या टोकाला भाताचं शीत लावा आणि त्यानं उचला."

"लावलं. शीतच चिकटून बसलं."

"मग श्वास रोखून धरा. आमचे हे सुईत दोरा ओवताना श्वास रोखायचे."

"ओवला जायचा?"

"छे हो. पण तोंड बंद असायचं तेवढा वेळ. ही घ्या, आल्याची आहे."

तादाओंनी श्वास रोखला. पाकळी खाचेपाशी नेईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाकळी मिकामीबाईंच्या मोज्यावर जाऊन पडली. एवढं होऊनही ऑक्टोबराच्या तिसऱ्या आठवड्यात याकानमारूचे पाय उभे राहिले. पोट जमलं, तोटी लागली, एका पाकळीला पोक आलं खरं, पण ते मागच्या बाजूला होतं. हे त्यांनी कसं केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. दोन्ही कोपर टेबलाला दाबून धरायचे, डाव्या हाताने उजवं मनगट आवळायचं आणि थरथर मंदावली की त्या क्षणी तुकडा घालायचा. एका तासात दोन तुकडे, कधी एकही नाही. कारखान्यात अशा गतीने काम केलं असतं तर मुकादमाने पहिल्या आठवड्यात घरी पाठवलं असतं.

राहता राहिली सत्तावीस नंबरची गुंडी. झाकणावरची, तांदळाएवढी. आणि सोमवारी बघतात तर तीच नाहीशी. तादाओंनी चटया उचलून पाहिल्या, पँटच्या पायाची दुमड पाहिली. मग मंगळवारी सकाळी ध्यानात आलं की चिझुएने आदल्या दिवशी व्हॅक्यूम फिरवला होता, त्यातली धूळ कचऱ्याच्या पिशवीत ओतली होती आणि ती पिशवी आत्ताच खाली नेऊन ठेवली होती.

तादाओ चपला घालून धावले. पिशव्यांच्या ढिगावर कावळ्यांसाठी जाळी टाकलेली, आणि जाळीशेजारी हिरवं जाकीट घालून अध्यक्ष ओनिशी.

"कुराहाशीसान, जाळीच्या आत गेलेला कचरा नगरपालिकेचा."

"पण ती माझी पिशवी आहे."

"होती."

"आत एक लोखंडाचा तुकडा राहिलाय हो. तेवढा काढून घेतो."

ओनिशींचा चेहरा एकदम उजळला. "लोखंड? जाळायच्या कचऱ्यात?"

झालं. स्वतःच्या तोंडाने कबुली दिल्यावर पुढे काय बोलणार? नियम असा की चुकीचं वर्गीकरण केलेली पिशवी मालकाने तिथल्या तिथे उघडायची आणि निवडायची. म्हणजे क्षणापूर्वी जी पिशवी नगरपालिकेची होती ती पुन्हा तादाओंची झाली. खाली वर्तमानपत्र पसरून, शाळेला आणि कामाला निघालेल्या अख्ख्या इमारतीसमोर तादाओ धूळ, केस आणि चहाची पत्ती निवडत बसले. बोटं थरथरत होती. थंडी आहे, असं ते दोनदा मोठ्याने म्हणाले. त्या दिवशी सकाळी लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते.

"काय शोधताय?" मिकामीबाई.

"गुंडी."

"शर्टाची?"

"किटलीची."

मिकामीबाईंनी पुढे काही विचारलं नाही. तीन गोळ्या दिल्या. गुंडी मिळाली नाही ती नाहीच.

मग कंपनीला फोन. पलीकडची मुलगी इतकी नम्र होती की तुकडा तिनेच हरवला असावा असं वाटू लागलं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, तुकडा अवश्य पाठवू, फक्त खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला अर्ज तुटक रेषेवर कापून, स्वतःच्या अक्षरात भरून पाठवावा, छायाप्रत चालत नाही. झाकण टेबलाच्या पायाखाली होतं. ते काढल्याबरोबर टेबल कलंडलं आणि याकानमारूचा एक कान पडला. तो मिळाला, एवढीच देवाची कृपा. अर्जावर नाव आणि पत्ता लिहायला छोटे छोटे चौकोन होते. तादाओंनी मनगट आवळून लिहिलं, तरी निम्मी अक्षरं चौकोनांबाहेर सांडली. वयाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला, कारण किटलीच्या गुंडीसाठी माणसाचं वय विचारणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं.

नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी चिझुए टपालपेटीतून एक जाडसर लिफाफा घेऊन वर आली. लिफाफ्यावर फुगे छापलेले होते.

"हे चुकून आपल्याकडे आलंय. 'चिरंजीव तादाओ कुराहाशी.' नाव तुमचंच, पण कोणाच्या तरी मुलाचं दिसतंय," म्हणत तिने तो फोडला सुद्धा. तादाओ हातातला कप ठेवून उठेपर्यंत ती वाचू लागली होती.

"चिरंजीव तादाओ, अर्ज तू स्वतःच्या हाताने भरलास याचं आम्हा सर्वांना फार कौतुक वाटलं. सत्तावीस नंबरचा तुकडा सोबत पाठवला आहे. कडा धारदार असतात, म्हणून जोडताना आईला किंवा बाबांना जवळ बसवून घे. अक्षर रोज थोडं गिरवलंस की नक्की सुधारेल. तुझा मित्र, याकानमारू."

खाली रंगवायला एक चित्र होतं आणि सहा चिकटवायची चित्रं. तादाओंना वाटलं, आता ही हसणार. हसली असती तर बरं झालं असतं. चिझुएने कागदाची घडी घातली आणि ती समोर बसली.

"हात दाखवा."

"कसला हात?"

"उजवा. मार्चपासून तुमच्या वाटीत मिसोचं सूप अर्धंच वाढतेय मी. भरलेली वाटी तोंडापर्यंत नेताना सांडायला लागली होती."

"मला वाटलं, मिसो महाग झालाय."

"झालाय. पण म्हणून नव्हे."

तादाओंनी हात टेबलावर ठेवला. तो थरथरतच होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ते बोलले. आयुष्यात बोलले नसतील इतकं एका दमात. "तुला सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस. आईचं करण्यात तुझी अकरा वर्षं गेली. पुन्हा माझ्यासाठी तेच नको होतं मला. म्हणून गप्प राहिलो." हिचे डोळे भरून येतील, ही निदान हातावर हात तरी ठेवेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आणि खरं सांगायचं तर तेवढा हक्क आपण कमावलाय असं त्यांना वाटत होतं.

चिझुएने चहा ओतला. स्वतःपुरताच.

"सासूबाईंना घरी आणायचं ठरलं तेव्हा मला विचारलं होतंत?"

तादाओंनी आपला कप पुढे सरकवला.

"कारखान्यातून फोन केला होतात. 'शनिवारी आईला आणतोय, आतली खोली रिकामी कर.' मी केली. विचारलं असतंत तरी हो म्हटलं असतं मी. पण विचारलं नाहीत. आणि आता माझं गाणं राखायचं ठरवलंत. तेही एकट्यानेच. अहो, माझं वाईट ठरवायचं तेव्हाही तुम्ही एकटे, आणि भलं ठरवायचं तेव्हाही एकटेच. यात मी कुठे आहे?"

"अगं, पण मी तुझ्यासाठीच..."

"आणि कोण म्हणालं मी गाणं सोडीन म्हणून? मुळीच सोडणार नाही. दुसऱ्या ओळीत उभं राहायला दोन वर्षं लागलीत मला."

हे ऐकून तादाओंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याखाली काहीतरी चांगलंच दुखावलं. नऊ महिने ज्या गोष्टीसाठी जीव मुठीत धरला, ती सोडायचा हिचा विचारच नव्हता. म्हणजे आपला सगळा त्याग फुकटच गेला की. आणि त्याग फुकट गेला म्हणून तक्रार करायला जगात कुठे खिडकी नाही.

दोन तारखेला घरात फारसं बोलणं झालं नाही. दुपारी तादाओ गुंडी घेऊन बसले आणि ती तीनदा टेबलाखाली पडली. चौथ्यांदा चिझुएने वाकून उचलली, चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि शेजारी बसली. तिचा हात अगदी स्थिर होता. पण तिला जवळचं दिसत नव्हतं. चष्मा लावूनही खाच सापडेना.

"डावीकडे," तादाओ म्हणाले. "अजून. थांब. पुढे झालं, जरा मागे. आता खाली."

"ही?"

"ती तोटी आहे. आणखी वर."

दीड तास गेला. शेवटी खट्ट झालं आणि गुंडी बसली. किंचित तिरकी, पण बसली. चिझुए उठली आणि तिने तांदूळ धुवायला घेतले. त्या रात्री तादाओंना उशिरापर्यंत झोप लागली नाही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. या बाईला आपण काय काय विचारलं, हे ते मोजू लागले. जेवण झालं का, छत्री कुठे आहे, पाणी तापलं का. तिसऱ्याच्या पुढे यादी सरकेना.

प्रदर्शन तळमजल्यावरच्या सभागृहात भरलं. याकानमारूला मिकामीबाईंच्या लोकरीच्या चाळीस ऑक्टोपसांच्या पलीकडे जागा मिळाली. पुढे पाटी होती, 'धातूकाम : तादाओ कुराहाशी'. लोक येत, वाकून बघत, "केवढं बारीक काम" म्हणत. तादाओ पहिल्या दोघांना "छे, छे" म्हणाले. तिसरे आले ते अध्यक्ष ओनिशी.

"या वयात हात इतका स्थिर. वा."

"हात स्थिर नाही," तादाओ म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा लागला आणि आसपासच्या चारपाच जणांनी वळून पाहिलं. "थरथरतो. फेब्रुवारीपासून. वरची गुंडी बायकोने बसवलीय. पाटीवर तिचंही नाव घाला."

ओनिशींनी वही उघडली. "प्रवेशिकेत एकच नाव आहे. दुसरं घालायचं तर पुढच्या वर्षी."

"हात थरथरतो ते आम्हाला माहितीय की," मिकामीबाई ऑक्टोपसांमागून म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून माहितीय. ती फिरती पाटी आमच्या दाराला टेकवता तेव्हा टकटक टकटक वाजते. मी म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. ही घ्या, आलुबुखाराची."

म्हणजे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. तादाओंनी गोळी तोंडात टाकली. नऊ महिने जपलेलं गुपित आणि त्याला एवढाच भाव. पण का कोण जाणे, उजवा हात खिशातून बाहेर काढून त्यांनी मोकळा सोडला. तो हलत राहिला आणि कोणी बघितलं नाही.

तीन वाजता गायनवृंद मंचावर आला. निळे सदरे घातलेल्या वीस बायका, दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी चिझुए. दोन वर्षांत तादाओ तिचं गाणं ऐकायला एकदाही गेले नव्हते. तिनेच बोलावलं नाही अशी त्यांची समजूत होती. येऊ का, असं आपणही विचारलं नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं. ती खालच्या पट्टीत गात होती. एकटीचा आवाज ओळखू येईना, पण तोंड उघडण्याआधी ती पायाच्या चवड्यावर किंचित उंच व्हायची. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तादाओंना खूप उशीर झाल्यासारखं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी गोळीवर ढकललं.

कार्यक्रम संपला. लोक खुर्च्या मिटून भिंतीला लावू लागले. चिझुएसुद्धा निळ्या सदऱ्यातच खुर्च्या उचलत होती. तादाओ तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. दोनदा घसा खाकरला. कारखान्यात दोनशे माणसांसमोर निरोपाचं भाषण करताना इतकी भीती वाटली नव्हती.

"गुरुवारी सकाळी दहाला मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय," ते म्हणाले. "मी एकटाही जाऊ शकतो. बस जाते तिथून." पुढचं वाक्य यायला वेळ लागला. "पण तू आलीस तर मला बरं वाटेल. येशील का?"

चिझुएने हातातली खुर्ची मिटली, भिंतीला लावली. दुसरी मिटली. तादाओ वाट बघत उभे होते. प्रश्न विचारल्यावर माणसाला उत्तरासाठी वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळात उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, हे त्रेचाळीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"गुरुवारी ना," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

"हो. कर की."

तिने आणखी तीन खुर्च्या लावल्या. मग वळून म्हणाली, "येईन."